आकडा दाखवताय तर पासंगही दाखवा: बेसबॉलच्या आकडेतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
बेसबॉलची नवी आकडेवारी घडवणारे, संघांच्या कार्यालयांत बसून ती वापरणारे आणि टीव्हीवर ती वाचून दाखवणारे सर्व तज्ज्ञ

स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा निकाल लागला. एकीकडे न्यूयॉर्क यांकीजचा आरन जज, दुसरीकडे आमच्या सिएटल मरिनर्सचा कॅल रॅली. तीस मतदारांपैकी १७ जणांनी जजला पहिली पसंती दिली, १३ जणांनी रॅलीला. गुण झाले ३५५ आणि ३३५. निकाल मला मान्य आहे. जजने फलंदाजीच्या .३३१ सरासरीने (म्हणजे हजारांत ३३१ वेळा फटका यशस्वी) ५३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. असा हंगाम खेळलेल्या माणसाला बक्षीस मिळालं म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

खटकलं ते वेगळंच. ऑक्टोबरभर टीव्हीवर या दोघांची चर्चा रंगायला लागली की कुणीतरी पडद्यावर 'वॉर' नावाचा एक आकडा आणायचं आणि म्हणायचं, हा बघा, जजचा जास्त आहे, चला पुढे. रॅलीने ६० होमरन मारले होते. कॅचरने (बॅटरच्या मागे बसून चेंडू घेणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) आजवर एका हंगामात मारलेल्या होमरनचा विक्रम ४८ चा होता, तो त्याने कधीच मागे टाकला. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचा १९६१चा ५४चा विक्रमही मोडला. त्यावर बोलायला खरं तर संध्याकाळ पुरली नसती. पण आकडा आला की विषय बंद. आणि तरीही कुणी तोंड उघडलंच तर त्याला 'अजून जुन्या जमान्यातच आहात का' असं विचारायचं.

पत्र मराठीत लिहायला कारण आहे. बेलव्ह्यू-रेडमंड भागात मराठी माणसं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी दिवसभर डेटातच बुडालेली असतात. मीही त्यातलाच. गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या वाट्या हातात आल्या, की आमच्याकडे मरिनर्सवरून जुंपते, आणि तुमची बाजू सगळ्यात तावातावाने मांडणारे माझेच मित्र असतात. तेव्हा हे पत्र थोडं त्यांनाही आहे. क्रिकेटवाल्यांनी वाचलं तरी वाया जाणार नाही. बेसबॉलला धावफलक आणि फलंदाजीची सरासरी दिली ती हेन्री चॅडविकने, आणि तो मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटची वार्तापत्रं लिहिणारा. २००१ साली क्रिकेटच्या प्रक्षेपणात आलेली हॉक-आय २०२० पासून इथल्या मैदानांवर चेंडूची नोंद ठेवते. आज इथे जे चाललंय ते उद्या आयपीएलच्या समालोचनात ऐकू येईल, कदाचित येऊही लागलं असेल.

माझा या सगळ्याशी संबंध काय? मी तिकीट काढून वरच्या मजल्यावर बसणारा प्रेक्षक. मांडीवर स्कोअरबुक, हातात पेन्सिल. शॉर्टस्टॉपने सेकंड बेसला आणि तिथून फर्स्टला चेंडू देऊन दोन बळी घेतले की ६-४-३ लिहायचं (हे त्या तिघांच्या जागांचे क्रमांक), बॅट न हलवता कुणी स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की के उलटा काढायचा. आकड्यांचा तिटकारा असलेला माणूस नऊ इनिंग असलं काही करत बसत नाही. शिवाय मरिनर्सच्या चाहत्यावर तुमचे उपकार आहेत, तेही सांगून टाकतो. २०१० साली आमचा पिचर (चेंडू टाकणारा) फेलिक्स हर्नांडेझच्या नावावर १३ विजय आणि १२ पराभव होते. संघ १०१ सामने हरला होता, कारण आमचे बॅटर धावाच करत नव्हते. जुन्या हिशेबाने २१ विजयांचा सी. सी. सबाथिया सर्वोत्तम पिचर ठरला असता. पिचरचे 'विजय' हा त्याच्या संघाच्या बॅटिंगचा हिशेब असतो हे तुम्ही घसा फोडून सांगत होता. मतदारांनी ते ऐकलं आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या २.२७ या सरासरीसाठी फेलिक्सला साय यंग पुरस्कार मिळाला. आमचा बॅटर एडगर मार्टिनेझ २०१९ मध्ये, मतपत्रिकेवरच्या त्याच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला, त्यातही तुमच्या लिखाणाचा वाटा मोठा. तेव्हा हे पत्र आकड्यांच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्याच आकड्याची, म्हणजे वॉरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या खेळाडूच्या जागी सहज मिळेल असा कुणीही बदली खेळाडू असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, त्याचा हा अंदाज. अंदाज, मोजमाप नव्हे. तो फॅनग्राफ्स ही वेबसाइट काढते आणि बेसबॉल-रेफरन्स ही दुसरी वेबसाइटही काढते, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. जज दोन्हीकडे दहाच्या आसपास आहे. रॅली मात्र एकीकडे नऊच्या वर आणि दुसरीकडे साडेसातच्याही खाली. एका घरात दोघांमधलं अंतर एका विजयाचं, दुसऱ्या घरात दोनाहून जास्त.

हे का होतं ते मला मैदानावर दिसतं. चेंडू गुडघ्याखाली, कडेला येतो. रॅलीचा मिट (हातातला जाड मोजा) आधीच जमिनीला टेकलेला असतो. चेंडू आत बसता बसता त्याचं मनगट दोन बोटं वर येतं आणि तिथेच स्थिर राहतं. अंपायर स्ट्राइक देतो आणि बॅटर मान वळवून त्याच्याकडे बघत राहतो. कडेचा चेंडू स्ट्राइक, म्हणजे बॅटरविरुद्ध मोजला जाणारा योग्य चेंडू, वाटावा असा पकडण्याच्या या कसबाला फ्रेमिंग म्हणतात. फॅनग्राफ्स ते २०१९ पासून हिशेबात धरतं, बेसबॉल-रेफरन्स धरत नाही. एवढंच नाही. कॅचर ही अवघड जागा म्हणून फॅनग्राफ्स पूर्ण हंगामाला साडेबारा धावा वाढवून देतं, दुसरीकडे ही खिरापत नऊच्या आसपास आहे. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय. रॅली हंगामात १५९ सामने खेळला, त्यातले बहुतेक गुडघे मोडून बसून. त्या बसण्याची किंमत किती, हे माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवलेलं आहे. ठरवायला माझी हरकत नाही, कुणीतरी ठरवायलाच हवी. पण ठरवलेली गोष्ट दशांश चिन्ह लावून पडद्यावर आली की ती निसर्गनियम असल्यासारखी वाटायला लागते.

गंमत अशी की सूत्र बनवणारे स्वतः प्रामाणिक आहेत. अर्ध्या-एका विजयाच्या फरकावरून कोण मोठा ते ठरवू नका, असं ते स्वतःच समजावून सांगतात. ही सूचना त्यांच्या पानावरून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत येता येता कुठे गळून पडते? किराणा दुकानदारसुद्धा तराजूला पासंग असला तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत तो काढून दाखवतो. तुम्ही फक्त वजन सांगता.

त्यात २०२६ पासून खेळाडूला अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येणार आहे. फ्रेमिंगची किंमत त्यामुळे बदलणार. मग रॅलीचे जुने आणि नवे आकडे एकाच रांगेत लावून तुलना करताना आम्हाला कुणी आठवण करून देणार का?

दुसरी तक्रार पैशाची आहे. ही बाब चाहत्यांना फारशी माहीत नाही. २०२२ च्या करारात मालक आणि खेळाडू संघटनेने दरवर्षी ५ कोटी डॉलरचा निधी ठेवला. पगारासाठी लवादाकडे जायचा हक्क अजून न मिळालेल्या तरुण खेळाडूंसाठी तो आहे. काही रक्कम पुरस्कारांनुसार जाते, उरलेली वॉरवर बेतलेल्या सूत्राने पहिल्या शंभरांत वाटली जाते. त्याआधी मालकांनी लवादच काढून टाकून पगार फॅनग्राफ्सच्या वॉरवर ठरवायचा प्रस्ताव ठेवला होता. संघटनेने तो नाकारला. बरं केलं. चाहत्यांच्या वादासाठी काढलेला अंदाज एखाद्या पोराच्या बँक खात्यापर्यंत पोचतो तेव्हा 'मॉडेल आहे, थोडं इकडेतिकडे होणारच' म्हणून हात झटकता येत नाहीत. पिचरच्या बाबतीत तर दोन घरांचा पायाच वेगळा. एक घर त्याने दिलेल्या धावांपासून सुरुवात करतं. दुसरं मुख्यतः स्ट्राइकआउट, बॉलवर दिलेले बेस (चार चेंडू बाहेर टाकल्याने बॅटरला फुकट मिळालेले) आणि होमरन पाहतं, बाकी नशीब आणि क्षेत्ररक्षण म्हणून बाजूला ठेवतं. हा विचार २००१ साली व्होरोस मॅक्रॅकनने मांडला तेव्हा मोठी खळबळ उडाली होती आणि त्यात तथ्यही आहे. पण एकाच पोराचे दोन भाव निघत असतील तर पैसे देताना ते त्याला समजावून सांगायला नकोत?

तिसरी तक्रार मैदानावरच्या निर्णयांची. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. टँपा बेचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सच्या नाकात दम आणत होता. सहाव्या इनिंगपर्यंत ७३ चेंडू, दोनच हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके), नऊ स्ट्राइकआउट, संघ १-० पुढे. दुसरी हिट पडली आणि मॅनेजर केव्हिन कॅश त्याला काढायला निघाला. कारण पुढे मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर तिसऱ्यांदा समोर येणार होते, आणि तिसऱ्या फेरीत बॅटर पिचरला जास्त मारतात असं आकडे सांगतात. खरंच सांगतात, हजारो सामन्यांची ती सरासरी आहे. पण त्या रात्री हे तिघं स्नेलसमोर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परतले होते. त्याच्या जागी आलेल्या निक अँडरसनने त्या ऑक्टोबरात सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. हासुद्धा आकडाच होता ना? बेट्सने डबल (दोन बेसचा फटका) मारला, काही चेंडूंत डॉजर्स पुढे गेले आणि त्या रात्री विजेते झाले. स्नेल राहिला असता तर टँपा जिंकलंच असतं असं मी म्हणत नाही, ते कुणालाच माहीत नाही. मला विचारायचंय ते हे: लाखोंची सरासरी या एका माणसाला, या एका रात्री लागू होते हे कुणी ठरवलं? आणि त्याला कधीच प्रश्न का विचारला जात नाही?

आमच्या दुखण्याचंही सांगतो. २० ऑक्टोबर २०२५, टोरांटो, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. सातव्या इनिंगमध्ये आम्ही ३-१ पुढे. दोघे बेसवर गेले आणि आमचा पिचर ब्रायन वूला काढून एदुआर्द बझार्डोला आणलं. टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने त्याला तीन धावांचा होमरन मारला. ४-३. तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीजचं तोंड कधीच न पाहिलेला एकमेव संघ अजूनही आमचाच आहे. हे खापर मी तुमच्यावर फोडत नाही, निर्णय आमचा मॅनेजर डॅन विल्सनचा होता. पण सामन्यानंतर माइकसमोर उत्तरं द्यायला एकटा मॅनेजरच बसतो. गेल्या वीस वर्षांत संघासंघांत आकडेवारीची खाती उभी राहिली, सामन्याआधी त्यांचे तक्ते मॅनेजरच्या हातात पडतात, आणि हरल्यावर त्या खात्यातलं कुणी पुढे येऊन बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. श्रेय मात्र वाटून घेतलं जातं.

खेळाचं काय झालं यावर थोडक्यात, कारण हे रडगाणं सगळ्यांचं ऐकून झालंय. २०१८ साली इतिहासात पहिल्यांदा हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. २०२२ मध्ये सगळ्या लीगची सरासरी .२४३ वर आली, १९६८ नंतरची सर्वांत कमी. एका बाजूला तिघंतिघं क्षेत्ररक्षक उभे करायची तुमची युक्ती इतकी यशस्वी झाली की २०२३ मध्ये लीगला नियम करून ती बंद करावी लागली. त्याच वर्षी पिचरवर घड्याळ लावलं, बेस मोठे केले, आणि चोरलेल्या बेसचा (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेल्या) आकडा २,४८६ वरून ३,५०३ वर गेला. लोक परत आले. तुम्ही म्हणाल, नियमांत फट होती ती आम्ही शोधली, दोष आमचा कसा. अर्धं बरोबर आहे. पण धावण्याला, बंटला (चेंडू हळूच खाली टेकवण्याला), साध्या एका बेसच्या फटक्याला वेड्यात काढणारे लेख कुणी लिहिले होते? आमच्या इचिरोने २००४ मध्ये २६२ हिट काढले, जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा विक्रम मोडला, आणि तेव्हाही तुमच्यातले काही जण म्हणत होते की बहुतेक एकेरीच तर आहेत. २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मतं घेऊन तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते उरलेलं एक मत कुणाचं ते शोधत बसायला मला वेळ नाही.

पिचरच्या खांद्या-कोपरांचा विषय तर लीगनेच काढलाय. डिसेंबर २०२४ च्या त्यांच्या अहवालात दुखापतींच्या कारणांत वेगाचा हव्यास, चेंडूच्या वळणाची यंत्रावर मोजून केलेली घासाघीस आणि प्रत्येक चेंडूला सगळी ताकद लावणं ही नावं आहेत. प्रयोगशाळेत मोजता येतं ते वाढवत नेलं, कोपर किती सोसेल हे मोजता येत नव्हतं म्हणून ते हिशेबात आलंच नाही.

शेवटची तक्रार तुमच्या बोलण्याची. जो मॉर्गन सिनसिनाटीचा सेकंड बेसमन, १९७५ आणि १९७६ असा लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू. पुढे टीव्हीवर समालोचन करताना त्याने नव्या आकडेवारीवर उघड अविश्वास दाखवला, कधी कधी न वाचताच दाखवला हेही खरं. त्याबद्दल तुमच्या गोटाने वर्षानुवर्षं त्याची टर उडवली. आता त्याचा हिशेब तुमच्याच सूत्राने मांडा. सरासरी फक्त .२७१. पण १,८६५ वेळा बॉलवर बेस, ६८९ चोरलेले बेस, आणि वॉर शंभराच्या आसपास. तुमची विद्या ज्या गोष्टींना मान देते त्या सगळ्या या माणसाने तिच्या जन्माआधी मैदानावर करून दाखवल्या होत्या. त्याच्याशी वाद घालायचा होता, चेष्टा कशाला?

आणि शंका घेणारा प्रत्येक जण अडाणी असेल तर बिल जेम्सला कुठे बसवणार? कॅन्ससमध्ये डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा देता देता त्याने १९७७ साली स्वतःच्या खर्चाने पहिली पुस्तिका काढली. सगळे जाणकार जे खरं मानत होते त्यावर शंका घेऊनच. त्याच जेम्सने २०१७ मध्ये, जज की होजे अल्तुवे, सर्वोत्तम खेळाडू कोण या वादात, वॉर संघाच्या प्रत्यक्ष जिंकण्या-हरण्यापासून तुटलेला आहे म्हणून त्यावर कडक टीका केली. तुमच्या पंथाचा मूळ पुरुषच शंकेखोर निघाला. मग वरच्या मजल्यावरच्या आम्हा लोकांना का झापता?

तर मागण्या अशा:

टीव्हीवर आणि लेखांत वॉर दाखवताना तो कोणाचा आहे ते लिहा, आणि कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती तेही लिहा. ते जमत नसेल तर दशांश काढून टाका. 'जज दहाच्या आसपास, रॅली सात ते नऊ' एवढं सांगितलंत तरी चर्चा पुढे चालू राहील.

सूत्र बदललं की मागच्या हंगामांचे आकडेही बदलतात. कुठला आकडा कधी आणि का बदलला याची नोंद खेळाडूच्या पानावरच, सहज सापडेल अशी ठेवा.

पिचर बदलण्यासारखा निर्णय कार्यालयाच्या तक्त्यावरून झाला असेल तर सामन्यानंतर त्या खात्यातल्या जबाबदार व्यक्तीने मॅनेजरच्या शेजारी बसावं. दर सामन्याला नको, निदान ऑक्टोबरात बसावं.

पुरस्कारासाठी मत देणाऱ्या पत्रकारांनी आपली पसंती लिहून समजावून सांगावी, आणि त्यात 'वॉर जास्त आहे' हे एकमेव कारण असू नये.

आणि तो ५ कोटींचा निधी. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, नव्याची बोलणी त्याआधी सुरू होतील. पगाराचा कुठलाही भाग सूत्रावर ठेवायचा असेल तर ते सूत्र, त्यातली गृहीतकं आणि चुकीची शक्यता सामान्य चाहत्याला कळेल अशा भाषेत करारासोबतच छापा. दोन घरांच्या हिशेबात एखाद्या खेळाडूचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर त्याला दाद मागायची सोय ठेवा. ही मागणी मालकांकडे आहे, खेळाडू संघटनेकडे आहे आणि तो हिशेब करून देणाऱ्या तुमच्याकडेही आहे.

कळावे,
मरिनर्सचा एक चाहता
बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य
डिसेंबर २०२५